पास्कू सरांचं त्रेचाळिसावं पान

आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे पास्कू सर घराला कधी कुलूप लावत नसत. "चोर इलो तर सगळो वाडो बघतलो," म्हणायचे. शाळेच्या कॉम्प्युटरवरही त्यांनी ओपन सोर्स सॉफ्टवेअरच घातलं होतं. त्याचं आतलं लिखाण जगात कुणालाही वाचता येतं, म्हणून ते सुरक्षित, असं त्यांचं गणित. हेडमास्तरांना ते फुकट मिळतं एवढंच पटलं होतं.

"रापणीचा जाळा वाळूर सुकता," सर स्टाफरूममध्ये आम्हा शिक्षकांना समजावत. "भोक पडला तर येणारो-जाणारो बघता. पेटयेत बंद केलेल्या जाळ्याचा कोणाक कळतला?" आम्ही मालवणची माणसं. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या जाळ्याचं नाव निघाल्यावर वाद कसला घालणार?

गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. एका मार्चमध्ये बाहेरून कुणीतरी गुण भरायच्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये शिरलं आणि दहावीच्या तोंडी परीक्षेचे सगळे गुण पुसून गेलं. त्या प्रोग्रॅममधलं भोक कित्येक महिने जगजाहीर होतं, ते बुजवायला ठिगळही तयार होतं. सरांनी ते लावलं नव्हतं. साठ मुलांची मराठीची तोंडी परीक्षा मी दोन दिवसांत पुन्हा घेतली आणि घसा बसवून घेतला.

"इतके लोक बघत होते ना, सर?" हेडमास्तरांनी विचारलं. पुन्हा असं झालं तर कॉम्प्युटरची खोली बंद, हेही सांगितलं.

त्याच आठवड्यात रविवारी रापण ओढताना जाळं फाटलं आणि बांगडे निसटले. ते भोक दोन दिवस वाळूवर सगळ्यांनी पाहिलं होतं. सरांनी विचारलं तर म्हातारा रापणकर म्हणाला, "माका वाटला, दुसऱ्यान शिवला आसतला." सर एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

पुढच्या रविवारपासून चर्चमधली मिसा आटोपली की सर त्या प्रोग्रॅमच्या आतल्या लिखाणाचे छापील कागद घेऊन बसत. पट्टी धरून एकेक ओळ वाचत आणि पानाखाली लिहीत, 'मियां बघितलंय', पुढे सही.

"काय गावला?" मी चिडवायचो.

"काय नाय. पण आता एकान तरी बघितला."

एका पावसाळ्यात सर गेले. सगळ्यात जास्त चिडवलं मी, म्हणून गठ्ठा माझ्याकडे आला. शेवटची सही त्रेचाळिसाव्या पानावर आहे. पानं तीनशेच्या वर आहेत. आठवण आली की मी त्या सह्या चाळतो, पण चव्वेचाळिसावं पान काही वाचून होत नाही. गुण मात्र दरवर्षी त्याच प्रोग्रॅममध्ये भरतो. जगात कुणीतरी वाचत असेलच.

गठ्ठा स्टाफरूमच्या टेबलावर उघडाच ठेवलाय. आम्ही चौदा शिक्षक रोज त्याच्याशेजारी चहा पितो.