असाटीगच्या धुक्यातल्या तीन शिट्ट्या

आधीच सांगतो, मी इंजिनियर माणूस. भुताखेतांच्या गोष्टी, दृष्टांत... कुणी असलं काही सुरू केलं की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणारा. त्यामुळे मी हे लिहितोय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या बायकोला वाटेल.

१९८५-८६ची गोष्ट, सप्टेंबरअखेर. आम्ही तेव्हा जर्सी सिटीत राहायचो – मी, शुभदा आणि सहा वर्षांची मेघना. मेरीलँडच्या किनाऱ्याला असाटीग नावाचं लांबच लांब वाळूचं बेट आहे. तिथे जंगली घोडे फिरतात, आणि परवाना काढून, टायरमधली हवा कमी करून वाळूवर गाडी चालवता येते. बिल्डिंगमधल्या देशपांड्यांची जीप मागून घेतली, तंबू भाड्याने आणला आणि निघालो.

शुभदाने बरोबर प्रेशर कुकर घेतला. "कॅम्पिंगला कुकर? लोक हॉट डॉग भाजतात गं," मी म्हणालो.

"भाजू देत. मेघना संध्याकाळी खिचडीच खाते," इति शुभदा.

पाच तासांच्या ड्राइव्हमध्ये मी त्या कुकरवरून तिला इतकं पिडलं, की शेवटी तिने बोलणंच बंद केलं.

तंबू वाळूच्या टेकाडाआड ठोकला. चारच्या सुमारास मेघनाला घोडे दाखवायला जीप काढली. शुभदा खिचडीच्या तयारीला लागली होती. "तासाभरात या, भरती येईल," एवढंच म्हणाली.

घोडे दिसले. परतताना मात्र समुद्रावरून धुकं आलं... पाच मिनिटांत जीपचं बॉनेटसुद्धा दिसेना. चाकांच्या खुणा भरतीने पुसल्या होत्या. समुद्र उजवीकडे ठेवून गेलं की डावीकडे तंबू येणार, असं माझं सोपं गणित. शहाणा माणूस थांबला असता. मी चालवत राहिलो, कारण पोरीसमोर घाबरलोय हे दाखवायचं नव्हतं.

आणि मेघना म्हणाली, "बाबा, स्टॉप. आईचा कुकर."

मी इंजिन बंद केलं. नुसत्या लाटा. मग मलाही ऐकू आली – शिट्टी! खणखणीत, आमच्या स्वयंपाकघरात होते तशी. डावीकडून, आणि बरीच मागून. म्हणजे तंबू केव्हाच मागे पडला होता.

पुढे काय आहे ते बघायला खाली उतरलो. जीपच्या समोर चार पावलांवर वाळू संपली होती. भरतीने किनाऱ्यात आडवा चर पाडला होता, माझ्या छातीइतका खोल, आणि प्रत्येक लाटेबरोबर त्यात पाणी घुसत होतं. थांबलो नसतो तर पोरीसकट त्यात गेलो असतो.

जीप मागे घेऊन उंच वाळूवर लावली आणि मेघनाला कडेवर घेऊन आवाजाच्या दिशेने चालत सुटलो.

"दॅट वॉज टू, बाबा. आई थ्री करते," ती कानाशी म्हणाली.

तिसरी अगदी समोर झाली, आणि धुक्यातून तंबूचा नारिंगी रंग दिसला.

शुभदा स्टोव्हपुढे रडत बसली होती. तिने मेघनाला ओढून छातीशी धरलं. मी म्हणालो, "तुझ्या कुकरने वाचवलं आज. पुन्हा कधी हसणार नाही त्याला."

तिने स्टोव्हकडे बोट दाखवलं. "अहो, शिट्टी घरीच राहिलीय. झाकण लावताना लक्षात आलं. तुम्ही परत चिडवाल म्हणून आधी पातेलंच चढवून टाकलं."

स्टोव्हवर खरंच पातेलं होतं, वर ताटली झाकलेली. कुकर पिशवीत होता, कोरडा ठणठणीत. तिला स्वतःला एकही शिट्टी ऐकू आली नव्हती.

घरी आलो तेव्हा शिट्टी किचनमध्ये गाळणीशेजारी सापडली.

बोटीचा भोंगा असेल? पण भोंगा आणि कुकर यातला फरक मला कळतो. दुसऱ्या कुणाचा कुकर? त्या टोकाला आमचा एकच तंबू होता. आणि भास म्हणावा, तर तो आधी मेघनाला कसा झाला? इतक्या वर्षांत उत्तर मिळालेलं नाही. आभार कुणाचे मानायचे तेही माहीत नाही, म्हणून मी शुभदाचे मानतो. ती म्हणते, "मी काय केलं? मी तर विसरले."

मेघना आता नेपरव्हिलला असते. तो कुकर तिने हट्टाने मागून नेला. रविवारी फोनवर बोलताना तिच्याकडे शिट्टी झाली की आम्ही दोघंही गप्प होतो. तिसरी झाली की ती म्हणते, "ओके बाबा, आता बोल."