बिनपासाचा मुराळी

माझे आबा जन्मजात गुन्हेगार होते. मी नाही म्हणत, इंग्रज सरकार म्हणायचं. आमच्या जातीतल्या माणसानं काही केलेलं असो वा नसो, नाव यादीत. सकाळ-संध्याकाळ चावडीवर पाटलासमोर हजेरी द्यायची, आणि शिवेबाहेर जायचं तर पास घ्यायचा. आबा गावच्या मळ्यांची राखण करायचे. ज्यांची पिकं ते राखायचे, तेच चावडीवर बसून त्यांची हजेरी बघायचे.

इंदापूरकडच्या आमच्या गावातून मला लांब सुप्याला दिली. सासरचे आमच्याच जातीचे, पण त्यांची नावं अजून यादीत चढली नव्हती, त्याचा त्यांना भारी तोरा. सणाला लेकीला न्यायला बापानं मुराळी म्हणून यावं. पण आबांना पंचमीसाठी पास कोण देणार? दर वेळी चुलता यायचा. त्याचं नाव कसं सुटलं होतं कोण जाणे.

शेवटी आबांनी अर्ज केला. पाटलानं वर्तणूक चांगली असल्याचं लिहून दिलं, फौजदारानं चौकशी केली, वरून हुकूम आला: नाव कमी. तो चावडीत वाचून दाखवला आणि दप्तरात बांधून ठेवला. आबांच्या हाती काहीच आलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

त्या पंचमीला ते नवं पागोटं बांधून स्वतः निघाले. सुप्याच्या वेशीत शिपायानं आधी जात विचारली, मग पास.

"आता लागत न्हाय," आबा म्हणाले.

शिपायानं दंडाला धरून त्यांना आमच्या दारात आणलं आणि सासऱ्यांना विचारलं, याला ओळखता का. मी गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी. आपलंही नाव चढेल या भीतीनं सासरे खाली बघत म्हणाले, "न्हाय." हे माझे आबा आहेत, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. बाईची साक्ष कोण धरतो! आबांची पंचमी कोठडीत गेली. सासऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

गावाहून पाटलाचा जबाब आला तेव्हा ते सुटले. घरी न जाता त्यांनी आधी चावडी गाठली आणि दिवाळीसाठी पास मागितला.

पाटील म्हणाले, "पास यादीतल्या माणसाला. तुजं नाव कुठं हाय आता?"

"मग चढवा परत," आबा म्हणाले.

पाटील हसले म्हणे.

दिवाळीला चुलताच आला. आबा त्याच्याबरोबर शिवेपर्यंत आले होते, आणि तिथनं माघारी फिरले.