बर्फावरचा दगड

“दोन मिन्टं फुरसत हाय का? एक दगड दाखवतो.”

पिंगळीला गाडी थांबली की आमच्या डब्यात आधी हे वाक्य चढायचं आणि त्याच्या मागून मिस्त्री चढायचे. सकाळच्या पॅसेंजरने तुम्ही कधी परभणीहून पूर्णेकडे गेला असाल, तर तो दगड तुम्हीही पाहिला असणार. नसेल पाहिला, तर तुम्ही झोपेचं सोंग फार चांगलं घेता.

मी ते वर्षभर घेतलं. पूर्णेला शाळेत शिकवते, रोजचं जाणं-येणं, पर्समध्ये तपासायच्या वह्या. आणि हा साठीचा माणूस, पँटवर सिमेंटचे डाग, खिशात मोजपट्टी, दिसेल त्या अनोळखी माणसाशेजारी बसून त्याच्या नाकासमोर मोबाइल धरणार. मोबाइलवर पांढरंशुभ्र मैदान. एक बाई एका गुडघ्यावर घसरत येते, मूठ बसवलेला गोल दगड हळूच पुढे सोडते आणि दोघं जण त्या दगडाच्या पुढ्यात जीव तोडून झाडू मारत पळतात. दगड लांब जाऊन रंगीत गोलात थांबतो. खेळाचं नाव कर्लिंग. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी हाताला चटके देतं, आणि मिस्त्री लोकांना बर्फाचे नियम समजावून सांगत बसायचे.

एकदा कांद्याचं पोतं घेऊन निघालेल्या एका आजोबांना त्यांनी गाठलं. आजोबांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “झाडायचीच हौस हाय, तर आमच्या आंगणात ये की.”

मिस्त्री जराही रागावले नाहीत. “येतो की. पण आंगण लेव्हलमधी हाय का?”

त्यांचा जीव अडकला होता तो तिथेच. मिस्त्री फरशी बसवायचे. चाळीस वर्षं त्यांनी या भागातली घरं, दुकानं, देवळं यांच्या जमिनी रांगत रांगत केल्या होत्या. परभणीत एका घरी काम चालू असताना टीव्हीवर हा खेळ लागला. घरचे लोक खेळाडू पाहत होते, मिस्त्रींनी जमीन पाहिली.

“मॅडम, एवढी लांब जिमीन, आन् दगड कुठंच बहकला न्हाई,” पहिल्यांदा मी वही मिटली त्या दिवशी ते मला म्हणाले. “कोण्या कारागिरानं केली आसंल वो?”

प्रश्न मला आवडला. त्या दिवसापासून मी सोंग सोडलं. नियम मात्र डोक्यात शिरत नव्हते, हे कबूल करते. मी मान डोलवायची आणि मनात दुसरा तास कोणत्या वर्गावर आहे ते आठवायची. मिस्त्रींना ते कळत असणार. एकदा सहज म्हणाले, “दाखवला तर समदे पाहतेत. आपल्या आपून कोणी पाहत न्हाई.” त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यालाही ते व्हिडिओ पाठवायचे. तो “पाहिला बाबा” म्हणायचा आणि यांना ते खोटं वाटायचं, कारण कोण जिंकलं ते त्याला कधी सांगता आलं नाही.

मग गुडघे गेले. चाळीस वर्षं फरशीवर टेकलेले गुडघे, जाणारच. मुलाने पुण्यात ऑपरेशन ठरवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यानंतर गुडघा जमिनीला टेकवायचा नाही. मिस्त्री डब्यात आले, आणि त्या दिवशी त्यांनी कोणालाच मोबाइल दाखवला नाही. माझ्यासमोर बसून म्हणाले, “एकदा म्या सोताच्या हातानं दगड सोडणार. एकच. मंग कापा म्हणावं गुडघा.”

खेळाला एका बाजूला चार, म्हणजे आठ माणसं हवीत. तीन आठवडे त्यांनी सगळे डबे पालथे घातले. लोक हसले, कोणी हात जोडले, एकाने तर पुढच्या स्टेशनवर डबाच बदलला. तरीही आठ जमले: मी, बँकेतले एक कॅशियर, कॉलेजच्या दोन मुली, दूध घालणारे दोघं भाऊ, कांद्याचे आजोबा आणि स्वतः मिस्त्री. जागा पूर्णेतल्या एका मंगल कार्यालयाची, तिथली गुळगुळीत फरशी त्यांनीच बसवलेली. दिवस अमावस्येचा, कारण त्या दिवशी लग्न नसतं. मॅनेजरने एकच अट घातली, शेवटी पाणी पुसून द्यायचं.

पण बर्फाचं मैदान आणायचं कुठून? यावर मिस्त्रींनी काढलेला तोडगा मी अजून शाळेत पोरांना सांगते.

“तिथं बर्फावरून दगड पळतो. आपल्याकडं दगडावरून बर्फ पळंल. फरक काय?”

आठ घमेली पाण्याने भरून, प्रत्येकात लाकडी मूठ उभी करून, त्यांनी ती आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये गोठवली होती. प्रत्येकाला एक बर्फ. नववं घमेलं फ्रीझरमध्ये मावलं नाही.

आमचा खेळ काय वर्णावा! खराट्याने फरशीला ओरखडे पडतील म्हणून मिस्त्रींनी केरसुण्या आणल्या होत्या. झाडून फरशीवर काही उपयोग होत होता की नाही देव जाणे, पण आम्ही झाडत होतो. कॅशियरसाहेबांचा पाय पळता पळता केरसुणीला लागला. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. ते जागीच वाकून नमस्कार करायला लागले आणि तेवढ्यात त्यांचा बर्फ मॅनेजरच्या टेबलाखाली गेला. आजोबा मागून ओरडले, “देव मागून कर, आदी झाड!” मुली हसून हसून खाली बसल्या. मीही कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते.

मिस्त्री मात्र हसत नव्हते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “खडूच्या रेघेच्या आत मूठ सुटली पाहिजे. आन् हितं पंच नसतो. ज्याची चूक त्यानंच सांगायची.”

त्यांची पाळी शेवटची होती. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. ते खाली बसले तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. मग पुढे घसरत गेले, अगदी त्या मोबाइलमधल्या बाईसारखे, आणि बर्फ सुटला. दूधवाले भाऊ पुढे झाडत पळाले. बर्फ सरळ गेला, हळू झाला आणि खडूने काढलेल्या गोलाच्या बरोब्बर मधोमध थांबला. आम्ही आठही जण जिंकल्यासारखे ओरडलो.

आठही म्हणजे सातच. मिस्त्री फरशीवर तसेच होते. “बाद,” ते म्हणाले.

“काय बाद?”

“रेघ वलांडली. हात उशिरा सुटला.”

“आरं कोण पाहिलं?” आजोबा चिडले.

“म्या पाहिलं ना.”

पुन्हा एकदा सोडा म्हणावं, तर बर्फ उरला नव्हता. सगळ्यांच्याच विरघळून पातळ चकत्या झाल्या होत्या, आणि मिस्त्रींना उठताही येत नव्हतं. दोघा भावांनी त्यांना उचलून नवरदेवाच्या लाल खुर्चीत बसवलं. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, “सोडूच वाटला न्हाई वो मॅडम.” मग बसल्या बसल्या त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. हरलेल्याने तसं करायचं असतं म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ते पुण्याला गेले. ऑपरेशन चांगलं झालं, पण मुलाने परत पाठवलं नाही. एकट्या माणसाला पाठवणार तरी कसं? आता पिंगळीला गाडी थांबते, भाजीवाल्या चढतात, गाडी निघते. सगळे निवांत झोपा काढतात. वह्या तपासायला मला मोकळा वेळ मिळतो आणि तो मला नकोसा होतो.

परवा त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. चालतो म्हणाले, जेवतो म्हणाले. आणि मग, “आता गुडघा टेकायचा न्हाई. दगडाचं संपलं आपलं.”

“संपलं कसं?” मी म्हणाले. “उभ्यानं सोडतात की मिस्त्री. लांब काठी असते, ती मुठीला लावून ढकलायचं. ज्यांना वाकता येत नाही ते तसंच खेळतात. परवानगी आहे त्याला.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“तुमाला कोण सांगितलं?”

“कोणी नाही. काल सुट्टी होती. मोबाइलवर बघत बसले होते. दोन सामने पाहिले.”

“आपल्या आपून?”

“हो.”

काठीचं त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. मला नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी अगदी हळू, जपून विचारलं, “कोण जिंकलं वो?”