कोडिक्करैच्या टोकाला दगड दाखवले ते

"राव, दगड कुठे आहेत?" बाईंनी विचारलं, आणि मी पानाचा डबा काढला.

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरची. कोडिक्करै म्हणजे तमिळनाडूत समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक. कुंभकोणमहून ॲम्बॅसडरनं चार तास. बाई पुण्याच्या, कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवायच्या. आदल्या दिवशी, मी ड्रायव्हर होतो त्या ट्रॅव्हल्समध्ये येऊन त्यांनी विचारलं, "तिथं हरणं, पक्षी आहेत ते ठाऊक आहे. खडक आहेत का?"

मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आहेत की! भिंतीसारखे!"

मी अलीकडच्या वेदारण्यम गावाच्या पुढं कधी गेलोच नव्हतो. पण आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी; मराठी बोलणाऱ्या बाईंपुढं, त्यातून पुण्याच्या, 'ठाऊक नाही' म्हणणं माझ्यानं झालं नाही. निघताना मालकानं तमिळमध्ये दम भरला, "राव, आणखी एक तक्रार आली की चावी टेबलावर ठेवायची."

सकाळ झकास गेली. एक काळवीट, पिळदार शिंगांचा, गाडीपुढून असा उडाला की बाईंच्या आधी मीच ओरडलो. दलदलीच्या पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, लांबून गुलाबी धोतरं वाळत घातल्यागत. मग मी रामाच्या पावलांची टेकडी दाखवली. बाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "ही तर वाळूची. दगड कुठे आहेत? तुम्ही आधी आला होतात ना?"

"किती वेळा!"

विचार करायला वेळ हवा म्हणून विडा लावायला बसलो. चुन्याची डबी उघडली आणि डोकं चाललं. आमच्याकडं विड्याला शिंपल्यांचा चुना लागतो, आणि शिंपल्यांची पोती याच बाजूनं येतात. बाईंना गाडीत बसवून मी जवळच्या चुनाभट्टीवर गेलो. तिथल्या म्हातारीला तमिळमध्ये विचारलं, "शिंपले समुद्रातून आणता?"

"समुद्रातून कशाला? जमिनीतून खणतो. त्या बाभळींपलीकडं खड्डा आहे. ड्रायव्हर असून मला विचारतोस?"

"विचारत नाही, तपासतोय."

बाईंना घेऊन तिकडं गेलो. खड्डा पुरुषभर खोल. त्याची एक बाजू सगळी शिंपल्यांची. थरावर थर, इतके घट्ट बसलेले की पहार लावल्याशिवाय ढेकूळ निघेना. बाईंनी चपला काढल्या आणि सरळ आत उतरल्या. माझ्याहून थोरल्या होत्या!

"राव, या खाली! इथं समुद्र होता! मागं हटला आणि आपला जुना काठ इथं टाकून गेला. आता त्याचा दगड व्हायला लागलाय. भिंतीसारखे म्हणालात, ते खरंच की!"

मीही उतरलो. भिंतीला हात लावला. समुद्र मैलभर लांब आणि माझा तळहात त्याच्या जुन्या काठावर! अंगावर काटा आला. बाईंना दाखवला नाही.

कुंभकोणमला परतल्यावर बाई मालकाला म्हणाल्या, "तुमच्या रावांना सगळं ठाऊक आहे." चावी माझ्याकडंच राहिली. लांबच्या ट्रिपाही मलाच मिळू लागल्या. नवं ठिकाण निघालं की मी सुटीच्या दिवशी गुपचूप बसनं जाऊन ते बघून यायचो.

शिकलेली माणसं 'ठाऊक नाही' म्हणून मोकळी होतात. माझ्यासारख्या तिसरीत शाळा सोडलेल्याला ते जमत नाही. त्याला जाऊन बघून यावं लागतं.