शेपट्या उलट्या होत्या

आधीच सांगते, भूतबित, बाहेरचं वगैरे मी मानत नाही. हे लिहितानाही मानत नाही. पण "तुला भास झाला असेल" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं... कारण बघणारी मी एकटी नव्हते!

मी शाहीन. राहते सांगलीत, मार्केट यार्डामागं. खाली अब्बांचं हळदीचं गोडाऊन, वर माझं वर्क फ्रॉम होम. आणि काम कशाचं, तर समुद्राचं! परदेशात भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत. सॅटेलाइटच्या रडारचे फोटो बघून तिथं वारा-लाटा कशा आहेत ते मी कळवते. मी हिरवं दिलं की दुरुस्तीवाली पोरं बोटीनं निघतात आणि हलत्या बोटीवरून पवनचक्कीच्या शिडीवर पाय टाकतात. लाल दिलं की बंदरातच थांबतात. त्या पोरांत माझा धाकटा भाऊ सलीम आहे.

फोटोत पवनचक्क्यांच्या मागं काळपट पट्टे दिसतात. पाती वारा अडवतात, म्हणून मागचं पाणी जरा शांत असतं. अब्बा येता-जाता स्क्रीनवर वाऱ्याचा बाण आणि हे पट्टे बघतात, त्यांना शेपट्या म्हणतात. वारा पश्चिमेकडून असेल तर शेपट्या पूर्वेला. दुसरं काही होऊच शकत नाही.

त्या शुक्रवारी, चांगल्या लख्ख उन्हात, मी फोटो उघडला. हवामानाचा अंदाज, समुद्रातली यंत्रं, सगळी सांगत होती – वारा पश्चिमेचा, मंद. आणि शेपट्याही पश्चिमेला! वाऱ्याच्या तोंडावर! फाइल बंद केली, परत डाउनलोड केली... तेच.

तेवढ्यात जुम्याच्या नमाजाला निघालेले अब्बा दारातून डोकावले. सगळं आयुष्य शेतकऱ्यांशी बोलण्यात गेलेलं, त्यामुळं घरातही त्यांच्या तोंडी बाजारातली मराठीच. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आज शेपट्या उलट्या का गं?"

सर्रकन काटा आला अंगावर.

पुण्यातल्या आमच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी तीच फाइल उघडली.

"सरळ आहेत, शाहीन. हिरवं दे, बोट खोळंबलीय."

"सर, इथं उलट्या दिसतायत. अब्बांनाही."

"भाऊ बोटीवर आहे म्हणून घाबरतेयस तू."

"आहेच भाऊ! मग? घाबरू नको तर काय करू? लालच देणार मी. नोकरीवरून काढायचं तर काढा!"

आणि दिलं लाल. सलीमचा मेसेज आला, "आपा, काय गं हे? पोरं हसायला लागलीत. समुद्र लय गप हाय इथं."

अब्बा नमाज पढून परत आले, तोवर तिकडं वारा फिरला होता. कुठल्याच अंदाजात नसलेला पूर्वेचा वारा असा सुटला, की बंदरात बांधलेल्या बोटीसुद्धा एकमेकींवर आपटायला लागल्या. सलीमनं व्हिडिओ कॉल केला. रडत होता. मग मीही रडून घेतलं.

आता तुम्ही विचाराल, स्क्रीनशॉट नाही काढला? काढला की! त्यात शेपट्या सरळ आहेत. फाइलमध्येही सरळ. आणि फोटो तर वारा फिरायच्या आधीचा. जो वारा अजून सुटलाच नव्हता, त्याच्या शेपट्या आम्हाला दिसल्या कशा?

कंपनीनं ताकीद दिली... "निर्णयाला आधार नाही." मावशी म्हणाली, "सदका दे, गरिबाला काहीतरी दान कर, बला टळली." एक मित्र म्हणाला, "स्क्रीन खराब असेल." अब्बांनी त्याला तिथंच गप्प केलं, "म्हातारा झालोय रं, आंधळा न्हाई!"

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणी पटेल असं दिलं तर ऐकेन, पण भास म्हणायचं नाही. आमचे साहेबही हल्ली म्हणत नाहीत. रोज सकाळी कॉलवर सगळे आकडे वाचून झाले, की आवाज बारीक करून विचारतात –

"शाहीन... शेपट्या सरळ आहेत ना? अब्बांनी बघितल्या?"