एकतिसावा दगड

उद्या सुधीर त्या दगडापाशी उतरला तर परत येईल ना, ही धास्ती सुमतीच्या मनातून हलत नव्हती.

सुधीर तिचा एकुलता एक. गणितात पदवी घेऊन भिवंडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून म्हणून चिकटला होता. वडील गेल्यापासून चार वर्षं तो घरात जेमतेम बोलला असेल. मग त्र्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि पोरगा माणसांत आला. रस्त्याच्या चढउतारांचा आलेख काढणारा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला. दर गुरुवारी ऑफिसचा ड्रायव्हर नूर मोहम्मद याच्या टेम्पोतून तो वाडा गावाकडच्या रस्त्याला जायचा, मांडीवर हवेच्या दाबावरून उंची सांगणारं घड्याळाएवढं उंचीमापक घेऊन. किलोमीटरचा दगड आला की काटा वाचायचा आणि वहीत लिहायचा. संध्याकाळी तेच आकडे कॉम्प्युटरला दिले की प्रिंटर करकरत एकेक फुली उमटवायचा आणि सगळा रस्ता कागदावर उभा राहायचा.

सुमती बी.एस्सी. झालेली, त्यानं घरी आणलेला आलेख तिला कळायचा. अंबाडीच्या पुढे, एकतिसाव्या दगडाशी रेघ एकदम खाली जात होती. पहिल्या खेपेला वीस मीटर, दुसऱ्या खेपेला दोन. गेल्या गुरुवारी उणे नऊ, म्हणजे समुद्रसपाटीच्याही खाली. तिसावा आणि बत्तिसावा दगड मात्र दर वेळी चाळिसाच्या आसपासच. हवेचा दाब बदलला असता तर सगळेच आकडे हलले असते, असं सुधीरचं म्हणणं. म्हणून उद्या तो तिथे उतरून, टेम्पो परत येईपर्यंत बसणार होता.

आज दुपारी नूर मोहम्मद दारात आला. सकाळी सुधीर त्याच्याच टेम्पोतून ऑफिसला गेला, तेव्हा त्याची वही आत राहिली होती. पाणी पिता पिता त्यानं थट्टाही केली, की तुमचा मुलगा काचेला असा नाक लावून बसतो, जसा मुलगी बघायला निघालाय. सुमतीनं सहज विचारावं तसं एकतिसाव्या दगडाचं विचारलं.

त्यानं पेला खाली ठेवला. "तो दगडच न्हाय, वहिनी. रस्त्याखालच्या जुन्या मोरीबरोबर ओढ्यात वाहून गेला, त्याला वीस वर्षं झाली. तीसनंतर थेट बत्तीस."

"मग हा आकडा कुठला लिहितो?"

"तेच मला कळत न्हाय. मागच्या खेपेला म्हणाला, नूरभाई, थोडं हळू. मी हळू केलं. बाहेर नुसतं गवत. आणि हा वाकून वाचतोय."

तो गेल्यावर तिनं वही उघडली. अक्षर सुधीरचंच होतं. एकतिसाच्या ओळीपाशी मात्र प्रत्येक पान भिजून वाळल्यासारखं सुरकुतलं होतं.

सुधीर घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "नूरभाईंचं लक्ष रस्त्यावर असतं, आई. मी बघितलाय तो दगड. त्याला टेकून बसता येईल एवढा आहे." आणि तो गुणगुणत आंघोळीला गेला.

त्याचा टेम्पो चुकवला तर तो रागावेल. पुन्हा चार वर्षं बोलणार नाही. न बोलता का होईना, समोर बसून जेवेल तरी. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. सुमतीनं रिसीव्हर उचलला. नूरभाईंना एवढंच सांगायचं होतं, की उद्या तासभर आधी निघा, आणि आमच्या दाराशी हॉर्न वाजवू नका.