पाय नसलेली गौर

तेरड्याच्या पिकल्या बोंडाला बोट लावलं की ते तडकतं आणि बी लांब उडतं. आमच्या काकीचं तसंच होतं. ती माझी चुलत सासू. सगळी भावकी तिला तेरडाकाकी म्हणायची. डोळखांबच्या वाटेवर आमची चार घरं, आणि तेरडा उरला होता तो फक्त तिच्या अंगणात. बांधावरचा तणनाशकाच्या फवाऱ्यांनी कधीच संपवला होता.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं कुणी तिच्यासमोर म्हटलं की संपलं. एकदा माझ्या नवऱ्यानं चेष्टेत म्हटलं, तर तांदूळ निवडता निवडता सूप आपटून म्हणाली, "गौर पन तीनच दिस ऱ्हाते रे. तिला नाव ठेव बघू!"

आमच्याकडे गौर म्हणजे तेरडाच. त्याची मुळं ही गौरीची पावलं, म्हणून रोप मुळासकट आणायचं, धुवायचं, साडी नेसवायची. चारही घरांची गौर काकीच सुपातून आणायची. माती भिजवून बोटांनी एकेक मूळ सोडवायची. मी घाई केली की ओरडायची, "हलू काढ गो, पाय मोडंल बायचा!"

काका गेले त्या वर्षी भादव्यात सासूबाई मला घेऊन तिच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "तेरडा दे. पन तू गौर नको आनू. सूप हिच्या हातात ऱ्हाईल." रोपं तिनं जगवलेली, पाणी तिनं घातलेलं, आणि हात तेवढे अशुभ! मी सूप पुढे केलं. काकी आत गेली, विळा घेऊन आली आणि सगळा तेरडा सपासप बुडातून कापला. माझ्या सुपात टाकत म्हणाली, "न्या तुमची गौर. पाय माझ्याजवल ऱ्हातील."

आम्ही ती बिनपायाची गौर बसवली. देठ साडीत लपवले. दुसऱ्या दिवशी तेरड्यानं माना टाकल्या, तर सासूबाई काकीलाच शिव्या देत राहिल्या. पुढच्या वर्षी बाजारातून मुखवटा आणला. 'काकी, गौर तुम्हीच आणा' असं म्हणायला मला आणखी दोन भादवे मिळाले. मी म्हटलं नाही. सासूची भीती, चार लोकांची भीती. कारणं पुष्कळ होती, लाज तेवढी नव्हती.

यंदा माघात सासरे गेले आणि वैशाखात काकी. पावसात तिच्या अंगणात तेरडा आपला आपण उगवला. गौरीच्या दिवशी सासूबाई दाराआड उभ्या राहून म्हणाल्या, "काकीच्या दारात चांगला फुललाय. आवंदा तेरड्याचीच गौर करू. तू जा, मला आता नाय चालत." मला दया आली नाही, संताप आला. मी सूप त्यांच्या हातात कोंबलं. "चला. तुम्हीच काढायचा. मुळासकट."

त्या रडत आल्या. गुडघे टेकून बोटांनी माती उकरू लागल्या. एक मूळ तुटलं तशी मी ओरडले, "हळू काढा, पाय मोडेल तिचा!" ओरडल्यावर कळलं, हे बोलणं कुणाचं ते.

गौर आली, पायांनिशी आली. राग मात्र गेलेला नाही, आणि तो सासूबाईंवर नाही. हेच सूप तेव्हा काकीच्या हातात दिलं असतं, तर माझ्या बापाचं काय जात होतं?